सेंट बार्थॉलॉम्यूचें देवालय

लंडन शहरांतील स्मिथफील्ड भागांत सेंट बार्थॉलॉम्यूचें जुनें देवालय आहे. पहिल्या हेन्रीच्या दरबारांतील राहीर नांवाचा गृहस्थ रोमच्या यात्रेंत तापानें अंथरुणास खिळला, तेव्हां त्यानें नवस केला; तो फेडण्यासाठीं इ. स. ११२३ मध्यें त्यानें येथें मठ व रुग्णालय स्थापन केलें. रुग्णालय अद्यापि चालूं आहे. मठाचें दैव मात्र निराळें.

आठव्या हेन्रीनें १५३९ मध्यें मठ खालसा केला. देवालयाचा पश्चिमेकडील लांबच लांब भाग जमीनदोस्त झाला. मठवासी जेथें स्तोत्रें गात, तेवढा पूर्वभाग राहिला. तो धर्माभिमानानें नव्हे, तर शेजारच्या सामान्य लोकांस उपासनेला जागा हवी होती म्हणून वांचला, असें आम्हांस वाटतें. मेरी राणीनें तेथें डोमिनिकन संन्यासी आणून बसविले. एलिझाबेथनें त्यांस १५५९ मध्यें घालविलें. तेव्हांपासून तें प्रॉटेस्टंट मंडळीचेंच आहे.

पण केवढ्या अडचणींत! एका बाजूस लोहाराची भट्टी. मेरीमातेच्या उपमंदिरांत छापखाना. त्या छापखान्यांत १७२५ मध्यें बेंजामिन फ्रँकलिन नांवाचा एकोणीस वर्षांचा अमेरिकन तरुण वोलॅस्टनच्या धर्मविषयक ग्रंथाचे खिळे जुळवीत होता. जुळवितां जुळवितां त्यास ग्रंथकाराचीं मतें पटेनात, म्हणून त्यानें खंडनपर पुस्तिका लिहून छापली! मठवाशांच्या प्रार्थनास्थळीं असा वाद जन्मास यावा, याची आम्हांस मौज वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲस्टन वेब यांनीं जीर्णोद्धार आरंभिला. भट्टी व छापखाना गेले. वेदीच्या उत्तरेस राहीरची समाधि मात्र आहे तेथेंच आहे.