चेक भाषेचें अध्ययन आणि जुन्या पोथ्यांची परीक्षा

यवतमाळ जिल्ह्यांतील एखादा विद्यार्थी चेक भाषा, इतिहास व संस्कृति यांच्या अभ्यासासाठीं प्राग येथें एक सहामाही घालवूं म्हणेल, तर त्याचा इतिहाससंशोधनास काय उपयोग, असा प्रश्न आमच्या संग्राहक मित्रांकडून येणें साहजिक आहे. फ्रेंच वा जर्मन शिकणारास असें कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें मात्र जुन्या पोथ्यांचा ज्यास नाद आहे, त्यास या लहानशा राष्ट्राच्या भाषेतिहासांत आपल्या कामाचें पुष्कळ सांपडेल.

प्रागचें नांव महाराष्ट्रास नवें नाहीं. महाभारताची चिकित्सित आवृत्ति निघावी असा आग्रह १८९७ सालीं पॅरिसच्या प्राच्यविद्यापरिषदेंत धरणारे मॉरिझ विंटरनिट्झ हे पुढें प्राग येथेंच अध्यापक होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें तें कार्य १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं तडीस नेलें. परंतु विंटरनिट्झ होते तें विद्यापीठ जर्मन. १३४८ सालीं स्थापन झालेल्या मूळ विद्यापीठाचे १८८२ सालीं चेक व जर्मन असे दोन भाग पडले होते. म्हणजे आपल्याच राजधानींत चेकांस उच्च शिक्षणासाठीं स्वभाषेचें स्वतंत्र विद्यापीठ मिळण्यास इतका काळ जावा लागला.

एका सहामाहींत ही भाषा किती साध्य होईल? बोलण्यापुरती व सोपें गद्य वाचण्यापुरती. मराठी विद्यार्थ्यास एक सोय आहे : तीन लिंगें व विभक्ति यांचें त्यास भय वाटत नाहीं. चेक भाषेंत विभक्ति सात आहेत व त्यांत संबोधनाचें रूप स्वतंत्र आहे. प्राचीन चेक वाचण्यास मात्र नंतर स्वतंत्र श्रम करावे लागतात, कारण जुने भूतकाळ पुढें लुप्त झाले आणि लेखनपद्धतीही वेळोवेळीं बदलली. अक्षरांवर खुणा देण्याची जी पद्धति यान हुस याच्या नांवावर मोडते ती १५ व्या शतकाच्या आरंभींची. लेखनावरून पोथीचा काळ अजमावण्यास चेक अभ्यासकांस हें साधन आहे, जसें आपणांस मोडीच्या वळणांचें.

आतां आमच्या प्रांताशीं अधिक जवळची गोष्ट. बंधुसमाज नांवाच्या पंथानें मोराव्हियांतील क्रालित्से येथें १५७९ ते १५९४ या काळांत बायबलाचें चेक भाषांतर सहा खंडांत गुप्तपणें छापलें. (याच सुमारास, शके १५०६ मध्यें, पैठणास एकनाथमहाराज ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करीत होते.) १६२० च्या बिला होरा येथील पराभवानंतर या पंथावर संकट आलें, त्याचे ग्रंथ हुडकून जाळण्यांत आले, आणि लोकांनीं ते भिंतींत व तळघरांत लपविले. १७८१ सालीं धर्मसहिष्णुतेची आज्ञा निघेपर्यंत हेंच चाललें. तरी क्रालित्सेच्या त्या भाषांतराचें गद्यच पुढें शिष्ट चेकचा आदर्श ठरलें.

हें वाचून वऱ्हाडांतील कोणास महानुभावांचें स्मरण होणार नाहीं? ऋद्धिपुरास म्हाइंभटांनीं चक्रधरांच्या लीळा एकत्र केल्या, आणि तें प्राचीन मराठी गद्य सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांच्या आड शतकानुशतकें राहिलें. चेकांनीं पुस्तक लपविलें, महानुभावांनीं अक्षर लपविलें, एवढाच भेद. राजवाड्यांनीं सकळ लिपीची किल्ली शोधल्यावर या वाङ्मयाचा मार्ग मोकळा झाला. आणि यवतमाळच्या शारदाश्रमाचे यशवंत खुशाल देशपांडे यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ सालीं प्रसिद्ध झाला.

परंतु ज्या राष्ट्राचे ग्रंथ नष्ट झालेले असतात, त्यास प्राचीन ग्रंथांची भूकही विलक्षण लागते. सप्टेंबर १८१७ मध्यें वाक्लाव हांका या तरुण पंडितास द्वूर क्रालोवे येथील देवळांत एक चर्मपत्राची पोथी 'सांपडली'. पुढच्याच वर्षीं दुसरी एक पोथी निनांवी टपालानें आली. तिचें नांव पुढें झेलेना होरा या स्थळावरून पडलें. दोहोंत वीरकाव्यें होतीं, व तीं खरीं मानल्यास चेक काव्य जर्मनांच्याही पूर्वीचें ठरत होतें. हांकाचेच गुरु डोब्रोव्स्की यांनीं दुसरी पोथी बनावट असल्याचें १८२४ सालीं छापून सांगितलें. पण पालात्स्कीसारखा थोर इतिहासकारही पोथ्यांच्या बाजूस उभा राहिला, आणि साठ वर्षें शंका घेणारा देशद्रोही ठरूं लागला.

१८८६ सालीं 'आथेनेउम' मासिकांत यान गेबाउअर यांनीं हा वाद पुनः उघडला. ते प्रथम या पोथ्या अस्सल मानणारांपैकींच होते हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. प्राचीन चेकचें व्याकरण अस्सल ग्रंथांवरून रचतांना त्यांस दिसलें कीं या पोथ्यांतील रूपें तेथें बसत नाहींत. उलट त्यांतील चुका हांकाच्या काळच्या वैयाकरणांच्या चुकांशीं जुळतात. आम्हांस ही कसोटी फार मोलाची वाटते. कागद, शाई, वळण यांचें अनुकरण निष्णात मनुष्य करील. परंतु आपल्या काळास जें व्याकरण ठाऊकच नाहीं तें तो कोठून आणणार? मासिकाचे संपादक मासारिक यांस या प्रकरणीं अतोनात शिव्याशाप मिळाले. १९१८ सालीं तेच स्वतंत्र राष्ट्राचे पहिले अध्यक्ष झाले.

राजवाड्यांनीं १९०९ सालीं छापलेल्या ज्ञानेश्वरीच्या पोथीच्या प्राचीनतेविषयीं आपल्याकडेही मतभेद झाले. तिला बनावट म्हणण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. पण असा वाद छापील पुस्तकावर मिटत नाहीं, त्यास मूळ पोथीच समोर लागते. चेकांनीं तें साधिलें आहे. बनावट ठरूनही त्या दोन्ही पोथ्या प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयांत जपून ठेविल्या आहेत. प्रागला जाणाऱ्या विद्यार्थ्यानें गेबाउअर यांच्या रूपांच्या याद्या उतरून आणाव्या. इकडे दारव्हा, पुसद, वणी या तालुक्यांत ज्यांच्या घरीं महानुभावीय पोथ्यांचे दप्तर बांधलेलें पडलें असेल, त्यांनीं निदान प्रत्येक पोथीचें आदि व अंत्य पान, समाप्तिलेखासह, जसेंच्या तसें उतरून ठेवावें, व मूळ पोथी अभ्यासकास पाहूं द्यावी.