मरुत विमान आणि इंजिनाचा पालट

नीरा डाव्या कालव्याच्या टापूत बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव आहे. या टापूतील बागाईतदारास एक गोष्ट निराळी शिकवावी लागत नाही. विहिरीवरचे तेलाचे इंजिन काढून त्या जागी दुसरे, अधिक ताकदीचे इंजिन आणले, म्हणजे काम संपत नाही; तेथून ते सुरू होते. पायाचे बोल्ट जुळत नाहीत, पट्ट्याचे चाक लहान पडते, पंपाला तो वेग झेपत नाही, आणि तेलाचा खर्च वाढतो तो निराळाच. इंजिन बदलणे म्हणजे सगळी मांडणी बदलणे होय. जमिनीवरच्या यंत्राची ही कथा, तर आकाशात उडणाऱ्या यंत्राची काय असेल?

विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती करणाऱ्या हौशी मंडळींत एक चमत्कारिक प्रकार रूढ आहे. जे विमान प्रत्यक्षात होऊन गेले त्याची हुबेहूब नक्कल न करता, ‘अमुक इंजिन मिळाले असते तर ते कसे दिसले असते’ अशी कल्पना करून ते विमान घडवावयाचे. याला पोरखेळ म्हणण्याचे कारण नाही. इतिहासकारही ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न मनाशी विचारीतच असतो; प्रतिकृतिकार तो हाताने विचारतो, इतकेच. भारतापुरते पाहिले तर या खेळास ‘मरुत’ या विमानाइतके योग्य विमान दुसरे नाही. कारण त्याच्या साऱ्या आयुष्याची कथा ही न मिळालेल्या इंजिनाची कथा आहे.

या कथेचा उगम शोधू गेल्यास तो पुन्हा नीरेच्या खोऱ्यातच सापडतो. कोऱ्हाळ्याच्या पूर्वेस, इंदापूर तालुक्यात, साखर कारखाना उभारून वालचंदनगर वसविणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीच डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. पुढे युद्धकाळात हा कारखाना सरकारच्या ताब्यात गेला. त्याच कारखान्यात १९४० साली डॉ. विष्णू माधव घाटगे हे दाखल झाले. त्यांचा जन्म १९०८ चा, कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या गावचा. जर्मनीतील गटिंगेन येथे प्रांटल या जगन्मान्य शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचे अध्ययन केले होते. १९४२ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली.

घाटग्यांनी आखलेले एच.टी.-२ हे शिकाऊ वैमानिकांचे दोन आसनी विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम आकाशात गेले. त्या पहिल्या नमुन्यावर जिप्सी मेजर हे इंजिन होते. १९५२ मध्ये उडालेल्या दुसऱ्या नमुन्यावर १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन बसविण्यात आले, आणि पुढची विमाने त्याच इंजिनावर निघाली. हा पालट सुखाने पार पडला, याचे कारण उघड आहे. दोन्ही इंजिने एकाच घडणीची: चार सिलिंडरांची, हवेने थंड होणारी, शक्तीनेही जवळपास सारखी. सोयरीक बरोबरीच्या घरी जमली.

१९५६ मध्ये कुर्ट टँक हे जर्मन अभियंते भारतात आले आणि घाटग्यांच्या सहकाऱ्यांसह लढाऊ जेट विमानाच्या कामास लागले. इंजिनाचा पालट काय मागतो हे टँक यांस स्वानुभवाने ठाऊक होते. महायुद्धात त्यांच्या फोके-वुल्फ १९० या विमानावरचे वर्तुळाकार रचनेचे इंजिन काढून त्या जागी लांबट, द्रवाने थंड होणारे इंजिन बसवावे लागले. त्यामुळे नाक लांबले, तोल पुढे गेला, आणि तो सावरण्यासाठी शेपटीकडे सुमारे अर्ध्या मीटरचा तुकडा जोडावा लागला. पुढे वजन वाढले तर मागे हिशेब द्यावा लागतो. तागडीचा हा नियम विमानासही सुटलेला नाही.

नव्या विमानाचा पहिला अवतार बिनइंजिनाचा होता, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. प्रत्यक्ष विमानाच्या आकाराची, दोन आसनांची एक लाकडी प्रतिकृती बंगलोरास करण्यात आली. १९५९ पासून डकोटा विमानाच्या मागे दोर बांधून ती वर नेत आणि उंचीवर सोडून देत. अशी ७८ उड्डाणे तिने केली. शेवटी एकदा उतरताना पुढचे चाक बाहेर आले नाही आणि तिची मोडतोड झाली. परंतु तोवर पंख, सुकाणू आणि एकंदर बांधणी उत्तम असल्याची साक्ष तिने दिली होती. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी खऱ्या विमानाचे पहिले उड्डाण केले.

देह सिद्ध झाला. प्राण मात्र उसना होता, आणि तोही ठरलेला नव्हे. विमानाची आखणी ब्रिटिश ऑर्फियस १२ या इंजिनाच्या जोडीवर केलेली होती. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुन्हा इंधन जाळण्याची सोय, म्हणजे आफ्टरबर्नर, धरून प्रत्येकी सुमारे ८,१७० पौंडांचा रेटा त्यापासून मिळावयाचा होता. परंतु युरोपात त्या इंजिनास गिऱ्हाईक उरले नाही. त्याच्या विकासाचा खर्च भारताने सोसावा असे पुढे आले, आणि ते भारत सरकारने मान्य केले नाही. मग आफ्टरबर्नर नसलेल्या ऑर्फियस ७०३ वर भागवावे लागले. त्याचा रेटा ४,८५० पौंड. म्हणजे पाच हिश्शांपैकी जेमतेम तीन. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी कल्पिलेले विमान ध्वनीच्या वेगाच्या उंबरठ्याशीच थबकले.

त्यानंतर इंजिनाचा शोध सुरू झाला, तो अनेक वर्षे चालला. इजिप्तमध्ये ब्रांडनर या ऑस्ट्रियन तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली ई-३०० हे इंजिन तयार होत होते. एका मरुतात एका बाजूस ऑर्फियस आणि दुसऱ्या बाजूस ई-३०० बसवून मार्च १९६७ मध्ये ते उडविण्यात आले. एका जुवाखाली दोन निराळ्या दमाचे बैल जुंपावे, तसाच तो प्रयोग! तो पुढे चालू राहिला. परंतु १९६९ मध्ये इजिप्तनेच ती योजना सोडली. इकडे बंगलोरच्या संशोधन संस्थेने ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडण्याचा यत्न केला. १० जानेवारी १९७० रोजी त्या सुधारलेल्या विमानाच्या अपघातात सुरंजन दास मृत्यू पावले. ज्याने मरुतास प्रथम आकाश दाखविले, त्यानेच त्याच्यासाठी प्राण वेचले. पुढे आर.बी. १९९ या नव्या युरोपीय इंजिनाचाही विचार झाला. पण तो कागदावरच राहिला.

असे असूनही उणीव पोटात घालून हे विमान लढले. डिसेंबर १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर त्याने जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ले केले, आणि हवाई द्वंद्वात शत्रूकडून एकही मरुत पडले नाही. एकंदर १४७ मरुत बांधली गेली. १९९० पर्यंत ती सेवेतून निघाली.

आता प्रतिकृतिकाराकडे वळू. १५.८७ मीटर लांबीचे मरुत बहात्तरांश प्रमाणात सुमारे २२ सेंटिमीटरांचे होते. टेबलाच्या कोपऱ्यावर मावते. त्याच्या मागील नळ्या कापून अधिक रुंद नळ्या चिकटविणे हे एका संध्याकाळचे काम. पण प्रामाणिक कारागीर तेवढ्यावर थांबत नाही. मोठे इंजिन अधिक हवा मागते, म्हणून बाजूची हवेची मुखे रुंद करावी लागतात. ती रुंदावली की धड फुगते आणि हवेचा विरोध वाढतो. इंधन अधिक लागते, म्हणून टाक्यांस जागा हवी. आणि मागे भार वाढला की पुढे तोल साधावा लागतो. हे सारे करून उभे राहते ते मरुताचे भावंड असते, मरुत नव्हे. ‘इंजिन तेवढे मिळाले असते तर’ या हळहळीतील ‘तेवढे’ हा शब्द किती फसवा आहे, हे कळावयास या खेळासारखा दुसरा गुरू नाही.

लाकडाची प्रतिकृती आपल्या सुतारांनी केली, धड आपल्या कारागिरांनी घडविले, उडविणारा आपला होता. इंजिन मात्र परक्याच्या बाजारातून आणावयाचे होते, आणि बाजार उठला तेव्हा हातात काही उरले नाही. दुसऱ्याच्या विहिरीच्या भरवशावर ऊस लावू नये, हे कालव्याच्या टापूतील शेतकरी जाणतो. मरुताने तेच सत्य आकाशात, आणि फार मोठ्या मोलाने, शिकविले.