हृदयातील व्रणाचा शोध : दोन व्याधींचा एक इतिहास

'व्रण' या संज्ञेची व्युत्पत्ती सांगताना सुश्रुतसंहितेने एका मार्मिक निरीक्षणाचा आधार घेतला आहे. जखम भरून आली तरी तिची खूण देह असेपर्यंत नाहीशी होत नाही, हे ते निरीक्षण होय. मराठीत हा शब्द त्या खुणेसाठीही रूढ झाला. त्वचेवरील व्रण डोळ्यांना दिसतो. हृदयाच्या स्नायूतील व्रण मात्र दीर्घकाळ शवविच्छेदनातच दिसत असे. तो जिवंत देहात पाहता येऊ लागला, त्या इतिहासाचा एक धागा नागपूरपर्यंत येतो.

त्याचा प्रारंभ शिकागोच्या जेम्स हेरिक या वैद्यापासून करणे योग्य ठरेल. ग्रेनाडा बेटातून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात त्यांना विळ्याच्या आकाराचे रक्तकण आढळले. १९१० साली त्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हाच पुढे सिकलसेल म्हणून ओळखला गेलेला आजार. १९१२ साली त्यांनीच दाखवून दिले की, हृदयाची रोहिणी अकस्मात तुंबली तरी रुग्ण तत्काळ दगावतोच असे नाही. जो वाचतो, त्याच्या हृदयात व्रण उरतो.

हा व्रण दाखविणाऱ्या साधनाचा पाया १९४६ साली ब्लॉख व पर्सेल यांनी स्वतंत्रपणे केलेल्या चुंबकीय अनुस्पंदनाच्या प्रयोगांनी घातला. १९७३ साली लाउटरबर यांनी त्यातून प्रतिमा मिळविली. पुढे गॅडोलिनियमयुक्त द्रव्याचा उपयोग सुरू झाला. हे द्रव्य सजीव पेशीत शिरत नाही. व्रणात पेशींबाहेरील जागा अधिक असल्याने तेथे ते रेंगाळते. सुमारे दहा ते वीस मिनिटांनी घेतलेल्या प्रतिमेत निरोगी स्नायू काळा व व्रण शुभ्र दिसतो. २००० साली शिकागोतीलच रेमंड किम व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शुभ्रतेचा अर्थ निश्चित केला. रक्तपुरवठा पूर्ववत केल्यावर, व्रणरहित ३२९ खंडांपैकी २५६ खंडांचे आकुंचन सुधारले. ज्यांचा पाऊण भागाहून अधिक अंश व्रणमय होता, अशा ५८ खंडांपैकी केवळ एकाचे.

हेरिक यांच्या पहिल्या व्याधीचा माग इकडे नागपूर परिसरात लागला होता. १९५८ साली शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल-वाहकतेविषयीचे टिपण 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. या व्याधीतही हृदय झिजते. परंतु तेथे व्रण एके ठिकाणी साकळत नाही, तर सूक्ष्म तंतूंच्या रूपाने सर्व स्नायूत पसरतो. उपरोक्त पद्धती तर तुलनेवर अवलंबून आहे. शेजारी निरोगी स्नायू काळा दिसला, तरच व्रण शुभ्र भासणार. सर्वत्र सारखेच तंतू असतील, तर प्रतिमा निर्दोष वाटण्याचा संभव असतो.

ही उणीव मापनाने भरून निघाली. द्रव्य देण्यापूर्वी व दिल्यानंतर स्नायूचा अनुस्पंदन-काल मोजून, त्यास रक्तातील पेशींच्या प्रमाणाची जोड दिली की पेशींबाहेरील जागेचे प्रमाण काढता येते. २०१७ साली नीस व सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या २५ रुग्णांत ते सरासरी ४४ टक्के असल्याचे नोंदविले. निरोगी व्यक्तींत ते २६ टक्के होते.

तात्पर्य, 'व्रण' ही संज्ञा डागासारख्या खुणेस शोभते. पसरलेल्या तंतुमयतेस ती अपुरी पडते. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. विदर्भातील सिकलसेलच्या रुग्णास 'व्रण आढळला नाही' असा अहवाल मिळाला, तरी त्याचे हृदय निरोगी आहे, असे तेवढ्यावरून म्हणता येणार नाही.