चाळीचे मंडळ आणि त्याचे वर्ष

मुंबईतील चाळीत खोली लहान असे, पण अंगण सर्वांचे असे. गिरगावपासून परळ-वरळीपर्यंतच्या वस्त्यांत या अंगणाच्या आधारानेच रहिवाशांची मंडळे उभी राहिली. वर्गणी गोळा करणारे, मंडप बांधणारे आणि प्रेक्षक म्हणून बसणारे सारे एकाच जिन्याने ये-जा करणारे. त्यामुळे मंडळाचे वर्ष हे चाळीच्या सामाजिक जीवनाचेच वेळापत्रक होते.

या परंपरेचे सर्वात जुने ठळक उदाहरण म्हणजे गिरगावातील केशवजी नाईक चाळ. लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाचा पुरस्कार केला आणि १८९३ मध्ये या चाळीत उत्सव सुरू झाला. १९०१ मध्ये टिळकांनी येथे भेट दिली होती. उंच मूर्तींच्या काळातही येथील लहान मूर्ती आणि साधेपणा टिकून आहे.

गणेशोत्सव हा मुख्य उत्सव असला, तरी वर्षाचा आरंभ गुढीपाडव्याला होतो. डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने १९९९ मध्ये नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. पुढे ठाणे, गिरगाव आणि इतर उपनगरांतही अशा यात्रा निघू लागल्या. १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती बीडीडी चाळींसारख्या कामगार वस्त्यांत मोठ्या उत्साहाने साजरी होते. जूनमध्ये शाळा सुरू होताना वह्यावाटप आणि गुणवंतांचा सत्कार, श्रावणात दहीहंडी, भाद्रपदात गणपती, आश्विनात भोंडला आणि कोजागरीचे मसाला दूध असा क्रम लागतो. दिवाळीत मुले जिन्याखाली किल्ला रचतात आणि गॅलरीत एकसारखे आकाशकंदील लागतात. पौषात संक्रांतीचे हळदीकुंकू, माघात सत्यनारायणाची पूजा आणि फाल्गुनात होळी झाली की वर्ष पुरे होते. एकांकिका, वक्तृत्व आणि पाककला स्पर्धांमुळे सभाधीटपणाचा पहिला धडाही अनेकांना याच अंगणात मिळाला.

या उत्सवांना नियमांची चौकटही आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. दहीहंडीच्या थरांत १४ वर्षांखालील मुलांना सहभागी न करण्याची हमी राज्य सरकारने २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दिली. जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर झाला.

मात्र मंडळांपुढील खरा प्रश्न नियमांचा नसून जागेचा आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत कुटुंबाला १६० चौरस फुटांची खोली होती. आत स्वतंत्र शौचालयही नव्हते. पुनर्विकासात प्रत्येक पात्र कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे घर मिळणार असून, वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्यांचे वाटप १४ ऑगस्ट २०२५ रोजी झाले. पिढ्यान्‌पिढ्या अडचणीत राहिलेल्यांना हे घर हक्काचेच आहे. त्यांनी चाळीच्या आठवणींसाठी ते नाकारावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.

परंतु सामायिक गॅलरीत शेजाऱ्याची गाठ न ठरवता पडत असे. उंच इमारतीत ती ठरवून घ्यावी लागते. आरतीसाठी हाक मारली की चार मजले खाली येत. आता निरोप मोबाइलवर जातो आणि उद्वाहनाची वाट पाहावी लागते. देखभाल खर्चाची भर पडल्यावर वर्गणीचा आकडाही जपूनच ठरवावा लागतो.

म्हणूनच पुनर्विकासाचा आराखडा पाहताना घराच्या क्षेत्रफळाबरोबरच मंडप कोठे उभा राहणार, मुले किल्ला कोठे करणार आणि पावसात सभा कोठे भरणार, हेही रहिवाशांनी विचारले पाहिजे. वाहनतळाच्या छतावरील मोकळी जागा किंवा तळमजल्यावरील सभागृह नकाशावर आधीच निश्चित झाले, तर मंडळाचे वर्ष नव्या इमारतीतही सुरू राहू शकेल. इमारत उभी राहिल्यानंतर अंगण मागून मिळत नाही.