लांब दोरीपासून दगडाच्या नमुन्यापर्यंत

मोठा नमुना लहान नमुन्याहून कमजोर का ठरतो, या शोधाच्या उगमाकडे जायचे, तर आपल्याला दगड बाजूला ठेवून लोखंडी तारेपाशी थांबावे लागते. सुमारे 1500 साली लिओनार्दो दा विंचीने तारेला टोपली टांगून, ती तुटेपर्यंत टोपलीत वाळू सोडत राहण्याचा प्रयोग वहीत टिपला. सारख्या जाडीच्या दोऱ्यांत सर्वांत लांब ती सर्वांत कमजोर, असेही त्याने लिहून ठेवले. 1638 मध्ये गॅलिलिओने हे मत खोडून काढले. मग मारियोतच्या 1686 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या ग्रंथात खरे कारण आले: दोरी लांब असली की तिच्यात एखादी कच्ची जागा असण्याचा संभव वाढतो. एवढ्या साध्या वाक्याला गणिताचे रूप मिळायला अडीच शतके लागली! ग्रिफिथने 1921 मध्ये काचेच्या तंतूंतील सूक्ष्म चिरांचा हिशेब मांडला आणि 1939 मध्ये स्वीडनच्या वायबुलने कच्च्या दुव्याचे संख्याशास्त्र उभे केले.

दगडाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न माणसांच्या जिवावर बेतला, तेव्हाच त्याला निकड आली. 21 जानेवारी 1960 रोजी दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक खाणीत छत तोलणारे कोळशाचे खांब कोसळले आणि चारशेहून अधिक कामगार गाडले गेले. प्रयोगशाळेतल्या मूठभर तुकड्यावरून खांबाची ताकद ठरवता येते का, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिला नाही. त्याच देशातील विटबँकच्या खाणीत अभियंते बिएनियाव्स्की यांनी जागेवरच कोळशाचे मोठमोठे ठोकळे दाबून फोडले. ठोकळा वाढला तशी दर चौरस सेंटिमीटरमागची ताकद घटत गेली, आणि बाजू सुमारे दीड मीटर झाल्यावर ती स्थिरावली. मला या संपूर्ण इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच मोजमाप, कारण घट कुठे थांबते हे त्यात प्रत्यक्ष दिसले. पुढे हडसन, ब्राउन आणि फेअरहर्स्ट यांनी संगमरवरावर दाखवले की नमुन्याची उंची आणि रुंदी यांचे प्रमाण बदलले, तर कमाल भारानंतरचे विरूपणही बदलते. उंच, सडपातळ नमुना अधिक झटक्याने फुटतो.

1980 मध्ये हूक आणि ब्राउन यांनी अखंड दगडाच्या अशा अनेक चाचण्यांचे सार एका सूत्रात बांधले. 50 मिलिमीटर व्यासाचा नमुना त्यांनी प्रमाण मानला. त्यानुसार 200 मिलिमीटरच्या नमुन्याची ताकद त्याहून साधारण 22 टक्क्यांनी कमी भरते. त्याच्या वर्षभर आधी आंतरराष्ट्रीय खडकयांत्रिकी संस्थेने सुचवलेला किमान व्यास होता सुमारे 54 मिलिमीटर. हा आकडा दगडाच्या स्वभावातून आलेला नाही; छिद्रणयंत्राची एक प्रचलित नळी खडकातून तेवढ्याच जाडीचा गाभा काढते.