कागदावरचा शेरा आणि यंत्राचा नियम

ग्वाल्हेर शहराची ओळख करून देताना जुनी माणसे तीन नावे घेतात: किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास वसलेले लष्कर आणि मुरार. सिटी सेंटर हे या यादीत मागाहून आलेले नाव. उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि जिवाजी विद्यापीठाचा शेजार यांमुळे शहराच्या लेखी व्यवहाराचा मोठा भाग आता या वस्तीकडे वळला आहे. एके काळी दरबारचा कागद लष्करात फिरे. आता शहराचा कागद सिटी सेंटरकडे जातो आणि तेथे त्याची संगणकीय प्रतिमा होते. कागदाचा मुक्काम बदलला की त्याच्या नोंदीची रीतही बदलते. ती कशी बदलते, आणि त्या बदलात काय सांडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

संगणकात कागदाची नुसती प्रतिमा ठेवून भागत नाही. तो कोणाचा, कोणत्या तारखेचा, कोठून आला, कोणी पाहावा, किती वर्षे राखावा, ही माहितीही त्यासोबत ठेवावी लागते. कागदाविषयीच्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. कागद हजारांनी येऊ लागले म्हणजे ती माणसाने एकेक करून लिहिणे अशक्य होते. म्हणून नियम आधी ठरवून देतात आणि कागद आत येताच यंत्र त्या नियमाप्रमाणे टिपा आपोआप जोडते. १९९५ साली सुरू झालेल्या डब्लिन कोअर या पद्धतीत अशा टिपांची पंधरा कलमे ठरली, आणि पुढे आयरॉड्ससारख्या प्रणालींनी नियम चालविण्याचे काम थेट यंत्राकडे सोपविले.

हे सारे नवे वाटते. पण मराठी दफ्तराच्या अभ्यासकाला त्यात जुनी ओळख पटावी. मराठेशाहीतला सरकारी कागद पाहावा. त्याच्या माथ्यावर मुद्रा, शेवटी मोर्तब. तारखेपूर्वी ‘छ’ हे अक्षर, म्हणजे चंद्र. त्यापुढे मुसलमानी महिना आणि अरबी संख्याशब्दांत लिहिलेले शुहूर सन. तपासणाऱ्याचा ‘रुजू’ हा शेरा, आणि आलेल्या पत्रावर ‘पैवस्ती’, म्हणजे पोचल्याची तिथी. राज्याभिषेकाच्या वेळचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या कानूजाबत्यात राजपत्रे शोधून त्यांवर आपले चिन्ह करण्याचे काम सचिवाकडे दिले आहे. यांतले काहीही कारकुनाच्या मर्जीवर नव्हते. कागद त्या वाटेने गेला की शेरा पडावयाचाच. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ते आपोआप चालणारे धोरण होते. यंत्राच्या जागी शिस्त होती, इतकेच.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात ही शिस्त आणखी पुढे गेली. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत उतरे; तीतून बाबवार घडणी निघे; घडणीवरून खतावणी होई. एकच नोंद तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी सापडत असे: दिवसावरून, बाबीवरून आणि नावावरून. शोधण्याची सोय लिहितानाच करून ठेवलेली होती. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांतून जे वेचे काढले, ते पुढे खंडशः छापले गेले. ते वाचताना ही व्यवस्था किती काटेकोर होती, याची खात्री पटते.

१८१८ नंतर हे दफ्तर इंग्रजांच्या हाती गेले. कागद पुष्कळसे राहिले. मात्र त्यांच्याकडे पाहण्याची गरज बदलली. १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी जोरात चालू झाली, तेव्हा इनामाचा हक्क सिद्ध वा असिद्ध करणारा कागद महत्त्वाचा ठरला आणि बाकीचा बाजूला पडला. दफ्तराच्या कचेरीला एलिएनेशन ऑफिस हे नाव होते, यातच तिचा हेतू कळतो. पुढे १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले. अशा कागदांवर काम करताना एक अडचण पदोपदी येते: कित्येक पत्रांवर तिथी आहे, महिना आहे, पण साल नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते. साल मजकुरावरून ताडावे लागते आणि त्यावरून अभ्यासकांत वाद होतात. जेथे नियम पोचला नाही, तेथे इतिहासाला तर्काने चालावे लागले.

ग्वाल्हेरचे याबाबतीत ऋण मोठे आहे. कोट्याला शिंद्यांचा कारभार पाहणाऱ्या गुळगुळे घराण्याचे दफ्तर आनंदराव भाऊ फाळके यांनी ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ या नावाने येथूनच प्रकाशात आणावयास आरंभ केला. महादजी शिंदे यांच्यासंबंधीची कागदपत्रे ग्वाल्हेर दरबारने १९३७ साली सरदेसाईंच्या संपादनाखाली छापली. या पिढीने कागदासोबत त्याचा पत्ताही जपला: कोणाच्या घरचा, कोणत्या दफ्तरातला. तो पत्ता नसता तर ही पत्रे नुसता मजकूर होऊन राहिली असती.

आता या शहरातल्या मराठी घरांतली मोडी बाडे आणि रुमालही केव्हा ना केव्हा यंत्रासमोर जाणार. येथेच आमची काळजी सुरू होते. यंत्राला सांगितलेला नियम अपुरा असेल, तर ते त्याच चुकीची हजार कागदांवर बिनतक्रार पुनरावृत्ती करील.

एक उदाहरण घेऊ. कागदावर ‘छ ५ रबिलाखर, सन इसन्ने खमसैन मया व अलफ’ अशी तारीख आहे. शब्दांची बेरीज दोन, पन्नास, शंभर आणि हजार. म्हणजे शुहूर सन ११५२. शुहूर सनात ५९९ मिळविले की इसवी सन निघतो, असा नियम यंत्राला दिला तर उत्तर येईल १७५१. पण हा सन मृगाला, म्हणजे जूनच्या आरंभी बदलतो. जानेवारीपासून पुढल्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. त्या वर्षीचा रबिलाखर फेब्रुवारीत पडतो; म्हणून पत्र १७५२ चे आहे. एका वर्षाची चूक लहान वाटेल, पण मोहिमेचा क्रम तेवढ्याने उलटा होतो. दानपत्र देणाऱ्याच्या मृत्यूनंतरचे ठरू शकते.

याहून साधा धोका असा की प्रतिमा घेतल्याचा दिवसच यंत्र ‘तारीख’ म्हणून लिहून मोकळे होते. कागदाची पाठ कोरी समजून फक्त दर्शनी बाजू टिपली, तर पाठीवरचे शेरे गेले. रुमाल सोडून सुटे कागद क्रमांकाने रचले, तर कोणता कागद कोणाच्या सोबत होता हे गेले. अक्षर एकही न फाटता दफ्तर मोडते, ते असे.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरावा असे आम्हांस वाटते. नियम कोणी केला, केव्हा केला आणि केव्हा बदलला, याची स्वतंत्र नोंद असावी. यंत्राने काढलेली तारीख आणि कागदावर लिहिलेली तारीख ही दोन वेगळी कलमे असावीत. पहिलीने दुसरी पुसता कामा नये. यंत्राने जोडलेली टीप यंत्राची म्हणूनच ओळखू यावी. नवा नियम आधी थोड्या कागदांवर चालवून मोडी जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावा. आणि कागद ज्या घरातून, ज्या रुमालातून आला, ते पहिल्याच दिवशी लिहावे. कारण हीच एक टीप अशी आहे की जी नंतर कोणत्याही यंत्राला कागदावरून काढता येत नाही.

यांत खर्चाची बाब थोडी आणि सवयीची अधिक आहे. जुन्या दफ्तरातल्या कारकुनाने सारे कागद स्वतः रचले नव्हते, तरी ‘रुजू’ लिहिताना तो त्यांची जबाबदारी घेत असे. सिटी सेंटरच्या संगणकावर नियम खुशाल आपोआप चालोत. त्यांना रुजू करणारा माणूस मात्र नेमलेला असला पाहिजे, आणि त्याला मोडी वाचता आली पाहिजे.