सँप्लर (भरतकामाचा नमुनापट)

भरतकामातील टाके, आकृतिबंध, मुळाक्षरे व अंक ज्यावर भरून ठेवलेले असतात, असा कापडाचा पट. ‘उदाहरण’ या अर्थाच्या ‘एक्झेम्प्लम’ या लॅटिन शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे ही इंग्रजी संज्ञा आली. आरंभी सँप्लर म्हणजे कुशल स्त्रियांनी स्वतःच्या उपयोगासाठी केलेला टाक्यांचा संग्रह होता. पुढे तो लहान मुलींचा धडा बनला. या स्थित्यंतरामुळे वस्त्रकलेइतकेच स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातही त्यास महत्त्व आहे.

ईजिप्तमध्ये मामलूक राजवटीतील (१२५०–१५१७) असे नमुने सापडले आहेत. इंग्लंडमध्ये सातव्या हेन्रीची राणी एलिझाबेथ हिच्या १५०२ मधील खर्चाच्या हिशोबात सँप्लरसाठी विकत घेतलेल्या लिनन कापडाची नोंद आढळते. छापील नमुना-पुस्तके तोवर निघाली नव्हती. आउग्सबर्ग येथे योहान शनस्पेर्गर याने सु. १५२४ मध्ये तसे पुस्तक छापले. पाहिलेली नक्षी विसरू नये म्हणून कापडाच्या कोपऱ्यात भरून ठेवणे, हाच त्यापूर्वीचा उपाय होता. कालोल्लेख असलेला सर्वांत जुना ज्ञात इंग्रज सँप्लर जेन बॉस्टॉक हिचा असून त्यावर १५९८ हे वर्ष आहे. ॲलिस ली या मुलीच्या १५९६ मधील जन्माचा उल्लेखही तीत भरलेला आहे. हा पट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझियममध्ये आहे.

सतराव्या शतकात लांब व अरुंद सँप्लर रूढ झाले. त्यांवर आडव्या पट्ट्यांत फुलापानांच्या किनारी, जाळीकाम व मुळाक्षरे भरीत. काम झाल्यावर पट गुंडाळून ठेवीत. अमेरिकेतील सर्वांत जुना ज्ञात सँप्लर प्लिमथ वसाहतीचा सेनानी माइल्स स्टँडिश याची कन्या लोरा हिचा असून तो सु. १६५३ चा मानतात. या काळातील मुळाक्षरांत ‘जे’ व ‘यू’ ही अक्षरे बहुधा आढळत नाहीत. ‘आय’ व ‘जे’, तसेच ‘यू’ व ‘व्ही’ ही अक्षरे तेव्हा स्वतंत्र मानली जात नसत. तो मुलीचा प्रमाद समजू नये.

अक्षरे भरण्यामागे व्यवहार होता. मोठ्या घरातील चादरी, उशांचे अभ्रे व टेबलावरची वस्त्रे मौल्यवान असत. मालकाची आद्याक्षरे व अनुक्रमांक त्यांवर फुलीच्या टाक्याने घालावे लागत. हे काम येणाऱ्या मुलीस नोकरी मिळणे सोपे जाई. रफूचेही स्वतंत्र सँप्लर असत. त्यासाठी चांगल्या कापडास मुद्दाम भोके पाडून ती निरनिराळ्या विणींनी बुजवावी लागत. मात्र सुईने नाव काढणारी मुलगी लेखणीने ते लिहू शकत असेलच, असे नाही. वाचन व लेखन हे त्या काळी वेगळे विषय होते. सामान्य घरातील मुलींना वाचन व शिवण शिकवीत. लेखन पुष्कळदा मुलांपुरतेच राही. त्यामुळे दस्तऐवजावर सहीऐवजी केवळ खूण करणाऱ्या सर्वच स्त्रियांना निरक्षर ठरविणे योग्य नाही.

अठराव्या शतकात सँप्लर चौकोनी झाला, त्यास चौफेर किनार आली व तो चौकटीत बसवून भिंतीवर लावण्यात येऊ लागला. बायबलमधील आज्ञा, प्रार्थना आणि आयझॅक वॉट्स (१६७४–१७४८) याच्यासारख्यांची उपदेशपर पद्ये त्यावर भरीत. आठ-दहा वर्षांच्या मुलींनी मृत्यू व आज्ञापालन यांवरील ओळी भरलेल्या पाहून आजच्या वाचकास आश्चर्य वाटेल. पण मजकूर शिक्षिका निवडीत असे. काही शाळांची शैली ओळखू येण्याइतकी वेगळी होती. यॉर्कशरमधील क्वेकर पंथाच्या ॲकवर्थ शाळेतील (स्थापना १७७९) सँप्लरमध्ये भौमितिक पदके दिसतात. पेनसिल्व्हेनियातील वेस्टटाउन शाळेतील (स्थापना १७९९) मुलींनी रेशमी कापडाचे पृथ्वीगोल करून त्यांवर रेखावृत्ते व खंड भरले. देशांचे नकाशेही भरले जात. भूगोलासारखा विषय मुलींपर्यंत सुईच्या वाटेने पोहोचला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

जॉर्ज म्यूलर (१८०५–९८) याने ब्रिस्टलनजीक ॲशली डाउन येथे चालविलेल्या अनाथालयातील सँप्लर याहून वेगळे आहेत. बहुधा एकाच तांबड्या सुती धाग्यात निरनिराळ्या वळणांच्या व आकारांच्या वर्णमाला, अंक आणि किनारी त्यांवर इतक्या दाटीने भरलेल्या असतात, की कापडाचा रिकामा भाग क्वचितच राहतो. घरकामाच्या नोकरीस निघणाऱ्या मुलीचे ते जणू प्रमाणपत्रच होते.

सर्वांत विलक्षण सँप्लर ससेक्समधील ॲशबर्नम येथील एलिझाबेथ पार्कर (१८१३–८९) हिचा होय. सु. १८३० मध्ये तिने तांबड्या रेशमाने, किनार वा चित्र न घालता, केवळ फुलीच्या टाक्यात ४६ ओळी भरल्या. आपणांस लिहिता येत नाही, असे सांगून ती स्वतःची हकीकत सुरू करते. ती मजुराची मुलगी. आई शिक्षिका, भावंडे दहा. तेराव्या वर्षी ती नोकरीस लागली. धन्याने केलेला छळ, मनात आलेले आत्मघाताचे विचार, ते पाप असल्याची भीती आणि ईश्वराची करुणा, असे सर्व तीत आहे. आपल्या आत्म्याचे काय होणार, या प्रश्नाशी येऊन मजकूर वाक्याच्या मध्येच थांबतो. खालचे कापड कोरे आहे. ज्या साधनाने मुलींकडून आज्ञाधारकपणाची वचने गिरवून घेतली जात, त्याच साधनाने येथे एका दासीने स्वतःचे म्हणणे मांडले आहे. पुढे ती ॲशबर्नम येथेच शिक्षिका झाली व वयाच्या ७६ व्या वर्षी वारली. हा पटही व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझियममध्ये आहे.

इंग्लंडमध्ये १८६२ च्या शिक्षणविषयक सुधारित संहितेने अनुदानित शाळांतील मुलींच्या अभ्यासक्रमात साध्या शिवणकामास स्थान दिले. तथापि सक्तीच्या शिक्षणाबरोबर लेखणी सर्व मुलींच्या हाती आली आणि अक्षरांचा सँप्लर मागे पडला. मिशनऱ्यांबरोबर सुईकामाचे हे शिक्षण इतर देशांतही गेले. मुंबई इलाख्यात सिंथिया फरार (१७९५–१८६२) ही अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये आली. अशा मिशनरी स्त्रियांच्या मुलींच्या शाळांत वाचनाबरोबर शिवणकामही शिकविले जाई. विसाव्या शतकात मराठी घरांतून दुसुती कापडावर फुलीच्या टाक्याने भरलेले ‘सुस्वागतम्’ चौकटीत लावलेले दिसे. त्याचे तंत्र सँप्लरचेच होय.

मार्कस ह्यूइश याच्या १९०० मधील ग्रंथाने सँप्लरकडे संग्राहकांचे लक्ष वेधले. एथेल बोल्टन व ईव्हा को यांनी १९२१ मध्ये अमेरिकन सँप्लरची विस्तृत सूची प्रसिद्ध केली. केंब्रिजच्या फिट्सविल्यम म्यूझियममधील मोठा संग्रह जे. डब्ल्यू. एल. ग्लेशर (१८४८–१९२८) या गणितज्ञाच्या मृत्युपत्राद्वारे तेथे आला. काही पटांवरील वर्षाचे आकडे उसवलेले आढळतात. मोठेपणी आपले वय उघड होऊ नये म्हणून स्त्रियांनी ते स्वतःच काढले असावेत, असे मानतात. प्रकाशाने रेशमाचे रंग उडतात, म्हणून मूळ रंगसंगती जाणण्यासाठी अभ्यासक पटाची मागील बाजू तपासतात. गाठी, वाया गेलेले धागे व दुरुस्त केलेले टाकेही त्याच बाजूस दिसतात.